वाफेतली गोडी



चैत्राची यात्रा नुकतीच उलगडली आहे. गडावर जाणाऱ्या-येणाऱ्या यात्रेकरूंच्या हातांतील रेवडी आणि गोडीशेवेचे पुडे आपण सर्वांनी पाहिले आहेत. आपला दिंडोरी तालुका द्राक्षांचा. ऊस गाळणारा कादवा सहकारी कारखानाही याच तालुक्यात. तेव्हा गोडी म्हणजे काय, हे वणीकरांना सांगण्यासाठी व्याख्याता बोलवावा लागत नाही. तरीही मी आज गोडीवरच बोलणार आहे; मात्र ही गोडी ताटातली नाही, छातीत ओढून घेण्याची आहे.

विषय कसा सुचला, ते आधी सांगतो. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयात आणि कामगारांच्या बैठकांत. आयुष्याची बरीच वर्षे मी सिन्नरकडील विडी कामगार स्त्रियांत संघटनेचे काम केले. त्यामुळे तंबाखूचा काही प्रश्न निघाला की लोक माझ्याकडे येतात. मागच्या पावसाळ्यात शेजारचा एक तरुण असाच आला. नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार, बहुधा रात्रपाळी. खिशातून त्याने एक लहान बाटली काढली. आत पिवळसर, दाट द्रव. म्हणाला, "काका, सिगारेट सोडतोय. ही वाफेची नळी घेतली आहे. तिच्यात घालायचे पाणी मी घरीच करतो. पण ते कडवट लागते, घसा धरतो. गोड करायला काय घालू? साखरेचा पाक, की मधुमेहवाले चहात टाकतात ते थेंब?"

प्रश्न सरळ होता. मी मात्र त्या दिवशी उत्तर दिले नाही. "आठ दिवसांनी ये," म्हटले. कारण मला ठाऊक नव्हते. पुढचे आठ दिवस मी जे वाचले आणि जाणत्यांना विचारले, तेच आज आपल्यापुढे मांडतो.

ही नळी आहे तरी काय?

जिला ई-सिगारेट किंवा व्हेप म्हणतात, ती नळी २००३ च्या सुमारास होन लिक या चिनी औषधतज्ज्ञाने आजच्या रूपात आणली. तिच्यात जाळण्याचे काम नाही. विजेच्या घटावर एक बारीक तारेचे वेटोळे तापते, त्याला लागून कापसाची वात असते आणि वातीत भिजलेल्या द्रवाची वाफ होते. ती वाफ माणूस ओढतो. द्रवात चार वस्तू असतात : प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, तंबाखूतील निकोटीन आणि वासाचे-चवीचे अर्क. तार साधारणपणे दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून वर जाते. वात कोरडी पडली तर पुष्कळच वर. पाणी शंभर अंशांना उकळते, हे लक्षात ठेवावे. पुढचे सगळे प्रकरण या तापमानावर आधारलेले आहे.

कायद्याचीही गोष्ट येथेच सांगून टाकतो. आपल्या देशात १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी त्याचा कायदा झाला. त्यानुसार अशा नळ्यांचे उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठा आणि जाहिरात या सर्वांना बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही. नुसता साठा केला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा घरी द्रव तयार करणारा मुलगा आपण गंमत करीत आहोत असे समजत असला, तरी कायदा तसे समजत नाही. पण कायद्याच्या धाकाने त्या मुलाचे समाधान झाले नसते आणि माझेही झाले नाही. बंदी आहे एवढ्यावर ऐकणारा माणूस मुळात असा प्रश्न घेऊन येतच नाही.

तंबाखू आणि गूळ यांची जुनी सोयरीक

तंबाखू गोड करण्याची युक्ती काही आजची नाही. हुक्क्याची तंबाखू गुळात किंवा काकवीत मळून ठेवीत. गुडाखू हे नावच गुळाची साक्ष देते. अमेरिकी धाटणीच्या सिगारेटींत, बर्ले जातीची तंबाखू कडक असते म्हणून, तिला साखरेचे पाणी पाजण्याची चाल फार जुनी आहे. गुटख्यातली गोडी तर आपण सर्वांनी पाहिलेली आहे. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, तरी ती जिभेवरून अजून उतरलेली नाही.

या सगळ्यांत कारण एकच. तंबाखू स्वभावतः तिखट आहे, घशाला लागणारी आहे. नवशिक्याला पहिल्या झुरक्याला खोकला येतो, डोळ्यांत पाणी येते. तो खोकला म्हणजे शरीराने केलेला निषेध होय. गोडी त्या निषेधाचा आवाज दाबते. संपाच्या वेळी मालकाने पेढे वाटावेत आणि मागण्यांचा कागद मागे पडावा, असे मी एकदा पाहिले आहे. तंबाखूतल्या गोडीचे काम मला त्याच जातीचे वाटते. अमेरिकेने २००९ च्या कायद्याने सिगारेटींतील मेंथॉलखेरीज सारे विशिष्ट स्वाद बंद केले, ते मुलांना लागणारी ही गोडी ओळखूनच.

उमेदवार पहिला : साखर, गूळ, मध

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. एकेक उमेदवार तपासू.

साखर तापवली म्हणजे काय होते, हे येथे बसलेल्या भगिनींना माझ्याहून अधिक ठाऊक आहे. पाक आधी एकतारी होतो, मग दोनतारी, मग गोळीबंद. तरीही विस्तवावर ठेवला तर तांबूस होतो, सुवास सुटतो. आणखी ठेवला तर काळा पडतो, कडू होतो आणि त्याचा धूर नाकाला झोंबतो. तापलेल्या तारेवर तेच घडते, फक्त क्षणात घडते. साखर स्वतः वाफ होऊन उडत नाही. ती मोडते. मोडताना फरफ्युरल, हायड्रॉक्सीमिथाइलफरफ्युरल यांसारखी अल्डिहाइड वर्गाची द्रव्ये निघतात आणि ती श्वासमार्गाला चुरचुरवतात. उरलेल्या साखरेची काळी खरवड तारेवर धरते, वात करपते आणि मग नुसते ग्लिसरीनही जास्त तापू लागते.

ग्लिसरीन अति तापले की अॅक्रोलीन नावाचे द्रव्य होते. नाव परके वाटले तरी वस्तू परिचयाची आहे. कढईतले तेल जळू लागले की जो धूर डोळ्यांत पाणी आणतो आणि ज्यामुळे आपण खिडकी उघडतो, त्याचे एक मोठे कारण हेच अॅक्रोलीन. स्वयंपाकघरात आपण त्यापासून पळतो. नळीतून तेच ओढून घेतो. गूळ आणि मध यांचीही हीच गत. त्यांत साखरेखेरीज इतर पदार्थ अधिक असल्यामुळे खरवड जास्तच. नैसर्गिक आहे म्हणून निर्धोक आहे, ही समजूत येथे उपयोगी पडत नाही.

उमेदवार दुसरा : प्रयोगशाळेतली गोडी

साखर नको तर मग ते थेंब? या कृत्रिम गोड द्रव्यांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १८७९ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात फालबर्ग नावाचा रसायनतज्ज्ञ हात नीट न धुता जेवायला बसला. भाकरी गोड लागली आणि सॅकरिन सापडले. १९३७ साली इलिनॉय विद्यापीठात मायकेल स्वेदा तापावरच्या औषधावर काम करीत होता. त्याने ओठांतील सिगारेट टेबलावर ठेवली, पुन्हा उचलून ओठांत धरली, तर ती गोड! ते सायक्लामेट. म्हणजे हे एक गोड द्रव्य चक्क सिगारेटीच्या बुडख्यावरून जगात आले. पुढे १९६९ साली अमेरिकेने ते अन्नातून बंद केले. १९६५ साली श्लॅटर या शास्त्रज्ञाने कागद उचलण्यासाठी बोट चाटले आणि अॅस्पार्टेम हाती लागले.

चौथी हकीकत आपल्याला जवळची आहे. १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात प्राध्यापक लेस्ली हफ यांच्या हाताखाली शशिकांत फडणीस हे भारतीय तरुण संशोधन करीत होते. साखरेच्या रेणूला क्लोरीन जोडण्याचे काम चालले होते. एका भुकटीची 'टेस्ट', म्हणजे चाचणी करा, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी ऐकले 'टेस्ट', म्हणजे चव घ्या. आपल्या कानांना हे दोन इंग्रजी शब्द सारखेच. त्यांनी चव घेतली आणि साखरेच्या सुमारे सहाशेपट गोड असलेले सुक्रालोज जगाला मिळाले. त्या मुलाच्या मनात होते ते थेंब बहुधा याचेच.

आता या चारही हकीकतींत समान काय आहे, ते पाहावे. चारही वेळा शोध जिभेने लावला. पुढे त्यांच्या सुरक्षिततेच्या ज्या परीक्षा झाल्या, त्या पोटासाठी झाल्या : उंदरांना खाऊ घातले, माणसांना प्यायला दिले, किती प्रमाण चालेल ते ठरवले. तापवून, वाफ करून, दिवसातून दोनशे वेळा छातीत ओढण्यासाठी या गोडीची परीक्षा कोणी घेतलेली नव्हती, कारण तसा वापर होईल असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

सुक्रालोजच्या रेणूत क्लोरीनचे तीन अणू आहेत. गार सरबतात ते गुपचूप बसून राहतात. पण तापवले की रेणू मोडतो. जर्मनीच्या जोखीम-मूल्यमापन संस्थेने २०१९ साली सांगितले की, सुक्रालोज १२० ते २५० अंशांपर्यंत तापवले असता क्लोरीनयुक्त, आरोग्यास घातक ठरू शकतील अशी द्रव्ये तयार होऊ शकतात. ते भट्टीतल्या पदार्थांबद्दल बोलत होते. नळीतली तार त्याच तापमानात, किंवा त्यापलीकडे, काम करते. व्हेपच्या द्रवात सुक्रालोज घालून केलेल्या प्रयोगांत असेही आढळले की, त्यामुळे ग्लायकॉल आणि ग्लिसरीन मोडण्याचे प्रमाणही वाढते आणि अल्डिहाइडे अधिक निघतात. म्हणजे पाहुणा स्वतः बिघडतो आणि घरच्यांनाही बिघडवतो.

उमेदवार तिसरा : वासाची गोडी

काही जण म्हणतील, चव नको, वास तरी गोड असू द्या. इथाइल माल्टॉल नावाचे द्रव्य म्हातारीच्या कापसासारखा, करपलेल्या साखरेचा वास देते. लोण्याचा, मलईचा वास डायअॅसिटाइल देते. ते साध्या लोण्यातही निसर्गतः असते. खाण्यात यांना परवानगी आहे. मग श्वासात काय बिघडले?

याचे उत्तर माझ्या धंद्याच्या माणसांनी, म्हणजे कामगारांनी, आपल्या छातीवर लिहून दिले आहे. अमेरिकेत मिसूरी राज्यातील जॅस्पर या गावी मक्याच्या लाह्यांची पाकिटे भरण्याचा कारखाना होता. लाह्यांना लोण्याचा वास यावा म्हणून तापलेल्या तेलाच्या टाकीत डायअॅसिटाइलचा अर्क ओतीत. २००० साली तेथील आठ माजी कामगारांना फुप्फुसांच्या बारीक नळ्या कायमच्या आकसून जाण्याचा दुर्मिळ रोग झाल्याचे उघड झाले. चौकशी झाली. सर्वाधिक फटका बसला तो अर्क मिसळणाऱ्यांना, टाकीवर वाकून काम करणाऱ्यांना. काहींची नावे फुप्फुस बदलण्याच्या यादीत गेली. लाह्या खाणारा ग्राहक सुखरूप. लाह्या करणारा मात्र जिना चढू शकेना. २००६ साली तेथील दोन मोठ्या कामगार संघटनांनी सरकारकडे तातडीच्या नियमासाठी अर्ज केला. पुढे हार्वर्डच्या संशोधकांनी व्हेपचे ५१ स्वाद तपासले, त्यांपैकी ३९ मध्ये हेच डायअॅसिटाइल सापडले. कारखान्यात जे कामगाराच्या माथी मारले गेले, ते येथे लोक पैसे देऊन विकत घेत होते.

पोट आणि फुप्फुस यांच्यातला हा फरक नीट ध्यानात घेतला पाहिजे. पोटात आम्ल आहे, आतड्यांचे जाड अस्तर आहे, पुढे यकृताची चौकी आहे. नको ते पुष्कळसे वाटेत अडते किंवा मोडले जाते. फुप्फुसाला अशी चौकी नाही. त्याचे आतले क्षेत्र पसरले तर पन्नास ते पंचाहत्तर चौरस मीटर भरेल, आणि हवा व रक्त यांच्यामधला पडदा केसाच्या जाडीच्या सुमारे शंभराव्या हिश्शाइतका बारीक. प्राणवायू सहज आत जावा म्हणून निसर्गाने दार उघडे ठेवले आहे. त्या दाराने दुसरेही आत शिरते. २०१९ साली अमेरिकेत याचा भयंकर प्रत्यय आला. प्रामुख्याने गांजाच्या अर्काच्या नळ्यांत द्रव दाट करण्यासाठी ई जीवनसत्त्वाचे अॅसिटेट मिसळले जात होते. गोळीतून पोटात घेतले तर साधे जीवनसत्त्व. वाफेतून फुप्फुसात गेले तर विष. १८ फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जणांना रुग्णालयात न्यावे लागले अथवा मृत्यू आला. त्यांपैकी ६८ जण दगावले.

बाटलीत खरोखर काय आहे?

एक गोष्ट अजून राहिली. ग्लिसरीन मुळात स्वतःच थोडे गोड असते. मग बाहेरची गोडी न घालता ग्लिसरीनच वाढवले तर? मी त्या मुलाला विचारले, "ग्लिसरीन कोठून आणलेस?" तो म्हणाला, "बाजारातून सुटे. स्वस्त पडले."

ज्यांना १९८६ साल आठवत असेल, त्यांना मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाची दुर्घटना आठवेल. औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनने चौदा रुग्णांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि ते दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक द्रव्य होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. हे द्रव्य रंगाने पाण्यासारखे, दाट, आणि चवीला गोड! जीभ फसते ती येथेच. १९३७ साली अमेरिकेत याच द्रव्यात केलेल्या औषधाने शंभरावर माणसे दगावली होती. २०२२ साली गांबियात आणि २०२५ साली आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे खोकल्याच्या औषधातून याच विषाने लहान मुले गेली. मोठ्या रुग्णालयाला आणि औषध कारखान्यांना जी भेसळ ओळखू आली नाही, ती आपण स्वयंपाकघराच्या ओट्यावर डोळ्यांनी ओळखू, असे कोणी म्हणू नये.

शिवाय त्या बाटलीत निकोटीन आहे. ते त्वचेतूनही शिरते. हिरवी तंबाखू खुडणाऱ्या मजुरांना ओकाऱ्या आणि भोवळ येते ती त्यामुळेच. अशी बाटली गोड आणि सुवासिक केली तर ती घरातल्या लहानग्याच्या हाती पडल्यावर काय होईल? न्यूयॉर्क राज्यात डिसेंबर २०१४ मध्ये एका वर्षाच्या बाळाचा असाच अंत झाला. त्या मुलाच्या घरी बहिणीचे तीन वर्षांचे मूल आहे. इतर सर्व गोष्टी तो वाद घालीत ऐकत होता. ही ऐकून तो गप्प बसला.

मग विडी का चालते?

येथे मला एक प्रश्न विचारला जाईल आणि तो रास्त आहे. "तुम्ही विडी कामगारांचे पुढारी. विडी चालू, सिगारेट चालू आणि नळी मात्र बंद, हा कोठला न्याय? इंग्लंडात तर डॉक्टरच सिगारेट सोडवण्यासाठी नळी वापरू देतात." होय, इंग्लंडात तसे करतात. पण तेथे द्रवात निकोटीन किती असावे याला मर्यादा आहे, जीवनसत्त्वासारखे पदार्थ घालण्यास मनाई आहे आणि बाटलीवर उत्पादकाचे नाव आहे. घरी ढवळलेल्या बाटलीला यांतले काहीच नाही. इंग्लंडचा दाखला तिला लागू पडत नाही.

विडीबद्दल मी हात झटकणार नाही. सुपात तंबाखू घेऊन दिवसभर वाकून बसलेल्या बायांचा खोकला मी ऐकलेला आहे. त्या भुकटीने त्यांच्या छात्या भरल्या, आणि त्यांच्या मजुरीसाठी भांडताना आम्ही त्या छातीचा विचार उशिरा केला, ही आमची चूक. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने त्यांना काही हक्क मिळाले. पण विडी चांगली वस्तू आहे, असे त्यांतल्या एकीनेही मला कधी सांगितले नाही. आपल्या मुलाने विडी वळू नये आणि ओढूही नये, एवढेच त्या म्हणत. एक वाईट गोष्ट चालू आहे म्हणून दुसरी चालू करावी, हा हिशेब त्यांना पटला नसता.

उत्तर

आठ दिवसांनी मुलगा आला तेव्हा मी त्याला सांगितले : "तुझ्या प्रश्नाला माझे उत्तर असे. साखर नको, ती करपते. सुक्रालोज नको, ते मोडते. वासाचे अर्क नकोत, ते नळ्या आकसवू शकतात. सुटे ग्लिसरीन नको, ते काय आहे ते तुला ठाऊक नाही. निवडण्याजोगे एकही उरत नाही. कडवट लागते आहे ते तुझे शरीर बोलते आहे. त्याचे तोंड गोड करून त्याला गप्प बसवू नकोस."

तो चिडला. म्हणाला, "मग रात्री तीन वाजता यंत्रापुढे जागा कसा राहू?"

खरा प्रश्न हा होता. बारा-बारा तासांची रात्रपाळी, बसायला जागा नाही, चहाची सुट्टी पाच मिनिटांची. अशा माणसाला झुरका हीच एक विश्रांती उरते. त्याला नुसता उपदेश करणे सोपे आहे. आम्ही दोन गोष्टी केल्या. पहिली, सरकारची तंबाखू सोडवण्याची मोफत दूरध्वनी सेवा आहे, क्रमांक १८००-११-२३५६. तेथे फोन लावला. निकोटीनचा डिंक आणि पट्ट्या औषधांच्या दुकानात मिळतात, त्यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवले. त्यात निकोटीनच आहे, पण मोजलेले, आणि ते फुप्फुसाच्या वाटेने जात नाही. दुसरी गोष्ट, त्याच्या पाळीतल्या कामगारांची बैठक घेतली आणि रात्रीच्या विश्रांतीची मागणी लेखी दिली. पंधरा मिनिटे मिळाली. मागितली होती तीस.

बाटली त्याने माझ्याकडेच ठेवली. मी ती घट्ट बंद करून कागदात गुंडाळली आणि नाशिकला जाणाऱ्या एका ओळखीच्या औषध विक्रेत्याकडे विल्हेवाटीसाठी दिली. मोरीत ओतली नाही, कारण आपल्या मोऱ्यांचे पाणी शेवटी नदीलाच जाते. सिगारेट त्याची अजून पूर्ण सुटलेली नाही. दिवसाला बारा होत्या, त्या चारांवर आल्या आहेत, असे तो सांगतो, आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवतो. येत्या आठवड्यात त्याच्या पाळीची दुसरी बैठक आहे. उरलेली पंधरा मिनिटे मागायची आहेत.